हबलच्या फायलींतला शनी

२०१८ पासून २०२५ पर्यंत शनीची प्रत्येक प्रतियुती जूनअखेर ते सप्टेंबर या दिवसांत आली. ग्रह पृथ्वीच्या सर्वांत जवळ, रात्रभर आभाळात, आणि पुण्यात नेमकं तेव्हाच ढगांचं राज्य. माझी आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण हे सगळे पावसाळे जिन्याखाली कापडात गुंडाळलेली असायची. दसऱ्या-दिवाळीला आकाश मोकळं होई तोवर शनी मावळतीकडे सरकू लागलेला असे, आणि ग्रहावरचे बदल पाहायचे तर एखाददुसरी चांगली रात्र पुरत नाही. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत काही वर्षं गेली. मग कळलं की वर्षातून एकदा, बहुतेक वेळा याच पावसाळी महिन्यांत, हबल दुर्बीण शनीकडे वळते. तिने टिपलेल्या मूळ फायली कुणालाही, फुकट आणि लगेच मिळतात.

वर्तमानपत्रात येतं ते तयार चित्र. ते सुंदरच असतं, पण त्यावरून काही मोजता येत नाही. मला मोजायचं होतं. गेल्या वर्षीपेक्षा विषुववृत्ताचा पट्टा खरंच उजळला का, कड्यांवर कधीकधी उमटणारे धूसर पट्टे, म्हणजे ‘आरे’, पुन्हा आले का, उत्तर ध्रुवाभोवती वाऱ्यांच्या प्रवाहाने बनलेल्या षटकोनाचा रंग उतरला का, असे प्रश्न होते. म्हणून मूळ फायलींपासून सुरुवात केली. त्या वाटेवर काय काय करावं लागतं ते इथे सांगते आहे.

हबलचा हा वार्षिक कार्यक्रम ‘ओपल’ या लघुनावाने ओळखला जातो. बाहेरच्या चार मोठ्या ग्रहांची वातावरणं वर्षानुवर्षं नोंदवत राहायची, एवढंच त्याचं काम. नासाच्या गॉडर्ड केंद्रातल्या एमी सायमन त्याच्या प्रमुख. २०१४ साली युरेनसपासून सुरुवात झाली, पण शनीचा नंबर २०१८ मध्ये लागला. तोपर्यंत त्याची गरजच नव्हती, कारण कॅसिनी यान तिथेच घिरट्या घालत होतं. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीच्या वातावरणात शिरून नष्ट झालं आणि जवळून पाहणारं कुणी उरलं नाही. आता हबल दरवर्षी शनीला त्याच्या दोन सलग फेऱ्यांइतका वेळ देते. शनी स्वतःभोवती साधारण साडेदहा तासांत फिरतो, म्हणजे वर्षाकाठी आपल्या हाती शनीचे जेमतेम दोन दिवस लागतात.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं, “शनीचं एवढं करतेस, साडेसाती चालू आहे का गं?” मी हसले, पण त्या प्रश्नात खगोलशास्त्र पुरेपूर आहे. साडेसाती तीन राशींची असते. बारातल्या तीन राशी म्हणजे शनीच्या प्रदक्षिणेचा पाव भाग. शनीचं वर्ष साडेएकोणतीस वर्षांचं आणि त्याचा आस पावणेसत्तावीस अंश कललेला, म्हणजे त्यालाही आपल्यासारखे ऋतू आहेत. वर्षाचा पाव भाग म्हणजे एक ऋतू. साडेसातीचा काळ आणि शनीच्या एका ऋतूचा काळ एकच! (काकूंना हे सांगितल्यावर त्यांनी ‘असेल बाई’ एवढंच म्हटलं.) उत्तर गोलार्धातला सगळ्यात मोठा दिवस मे २०१७ मध्ये झाला आणि संपात, म्हणजे सूर्य शनीच्या विषुववृत्तावर येण्याचा क्षण, ६ मे २०२५ ला आला. मधली वर्षं साडेसात नव्हे, जवळजवळ आठ भरली, कारण एप्रिल २०१८ मध्ये शनी सूर्यापासून सर्वांत दूर होता आणि तिथे त्याची चाल मंदावते.

म्हणजे ओपलने शनीचा पाहिला तो एकच ऋतू, ओसरता उत्तरी उन्हाळा. आणि तोही कसा? आपल्या एका वर्षात शनीचा जेवढा ऋतू सरकतो, तेवढा आपला बारा-तेरा दिवसांत सरकतो. कुणी दर बारा-तेरा दिवसांनी एकदा खिडकी उघडून पुण्याचं आभाळ बघावं, तीन महिन्यांत अशा सात-आठ नोंदी कराव्यात आणि उन्हाळा कसा सरला ते सांगावं, असा हा प्रकार आहे. काम सुरू करण्याआधी हे स्वतःला बजावून ठेवलेलं बरं. दोन नोंदींत फरक दिसला म्हणजे तो ऋतूचाच असतो असं नाही. त्या दिवशी नुसतं वादळही असू शकतं.

फायली ठेवलेल्या आहेत बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये, मिकुल्स्की अर्काइव्ह नावाच्या संग्रहात. शोधताना ग्रहाचं नाव, कॅमेऱ्याचं नाव आणि वर्ष दिलं की लांबलचक यादी समोर येते. प्रत्येक फायलीचं नाव नऊ अक्षरांचं, उच्चारता न येणारं, आणि मागे एक शेपूट. ‘रॉ’ शेपटीची फाइल कॅमेऱ्यातून आली तशी. ‘एफएलटी’ म्हणजे कॅमेऱ्याचे ठरावीक दोष काढलेली. ‘एफएलसी’मध्ये आणखी एक दुरुस्ती असते. हबलचा हा कॅमेरा मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी बसवला. इतकी वर्षं किरणोत्सर्ग सोसून त्याची चिप थकली आहे. चित्र वाचून बाहेर काढताना थोडा विद्युतभार मागे रेंगाळतो आणि उजळ ठिपक्यांमागे पुसट शेपट्या उमटतात. त्या शेपट्यांचा हिशेब करून वजा केलेली ती ‘एफएलसी’. मी हीच घेते. ओपलच्या गटाने स्वतः बनवलेले ग्रहाचे नकाशेही संग्रहात असतात. ते मी शेवटी ताळा करायला उघडते. आधी पाहिले तर आपल्याला हवं ते दिसायला लागतं.

पहिल्यांदा फाइल उघडली की निराशा होते. चित्र कृष्णधवल. शनी तिरका, थोडा चेपल्यासारखा, आणि सगळीकडे पांढरे ठिपके, रेघोट्या. चेपलेपणाचं कारण सोपं आहे. या कॅमेऱ्यात प्रकाश चिपवर तिरका पडतो, त्यामुळे आकाशातला चौरस चित्रात समांतरभुज होतो. त्याची दुरुस्ती ठरलेल्या सूत्रांनी होते, संगणक ते निमूट करतो. ठिपके आणि रेघोट्या वैश्विक किरणांच्या. ताऱ्यांच्या फोटोत त्यांचा बंदोबस्त सहज होतो. एकाच जागेचे तीन-चार फोटो घ्यायचे आणि जे एकातच दिसतं ते उडवायचं. शनीला हे चालत नाही, कारण पुढचा फोटो घेईपर्यंत शनी फिरलेला असतो. मग एकाच चौकटीत शेजारच्या बिंदूंशी तुलना करून भस्सकन उजळलेला बिंदू शोधावा लागतो. संगणकावर पूर्ण भरवसा ठेवला तर तो कड्यांच्या धारदार कडाही कुरतडतो आणि छोटे चंद्र बिनदिक्कत पुसून टाकतो. कड्यांच्या कडा आणि चंद्र झाकून ठेवून उरलेल्या भागावरच ही सफाई चालवायची, हा माझा नियम. कड्यांवरच्या रेघोट्या हाताने काढते. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून करावं.

नंतर येतो वेगाचा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याने. शनी आपल्यापासून सव्वाशे-दीडशे कोटी किलोमीटर दूर. एवढ्या अंतरावर हबलच्या चित्रातला एक बिंदू म्हणजे शनीवरचे सुमारे अडीचशे किलोमीटर. विषुववृत्तावर शनीचा पृष्ठभाग सेकंदाला जवळजवळ दहा किलोमीटर सरकतो, मिनिटाला सहाशे. म्हणजे दर मिनिटाला ढग दोन-अडीच बिंदू पुढे. रंगीत चित्रासाठी निळा, हिरवा आणि लाल असे तीन फिल्टर एकामागून एक लागतात, त्यात काही मिनिटं जातातच. तीन चित्रं सरळ एकमेकांवर ठेवली की प्रत्येक ढगाला एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला तांबडी किनार येते. चंद्र तर तीन रंगांचे तीन होतात. कडी मात्र जशीच्या तशी जुळतात, कारण ती फिरली तरी सगळीकडे सारखीच दिसतात. म्हणून गोल वेगळा काढायचा, प्रत्येक फिल्टरचं चित्र ज्या क्षणी घेतलं तो क्षण फायलीच्या हेडरमधून, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या नोंदींतून, वाचायचा आणि तिन्ही चित्रं एका ठरावीक क्षणापर्यंत फिरवून आणायची. ‘विनजुपोस’ हे हौशी निरीक्षकांचं जुनं सॉफ्टवेअर यासाठी पुरतं. पायथॉन या संगणकभाषेतला भाग माझ्या भाच्याने लिहून दिला.

तोच भाचा पहिलं रंगीत चित्र पाहून म्हणाला, “मावशी, हा रंग खरा आहे का?”

“खोटा नाही,” मी म्हटलं, “पण डोळ्यांना दिसणाराही नाही.”

“म्हणजे काय? एक काहीतरी सांग.”

सांगायला वेळ लागला. हबलचे हे तीन फिल्टर ३९५, ५०२ आणि ६३१ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाशाचा अरुंद पट्टा तेवढा आत सोडतात. आपला डोळा रुंद पट्टे पाहतो. अरुंद पट्ट्यांतून जुळवलेला रंग थोडा गडद, थोडा ठासून येतो. त्यात काही गैर नाही, फक्त तो दरवर्षी एकाच मापाने जुळवला पाहिजे. चित्र उघडताना बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून उजळपणा ताणतात. ती सोय आधी बंद करायची. २०१८ च्या चित्रासाठी जे किमान आणि कमाल आकडे घेतले, तेच २०२३ ला. नाहीतर एका वर्षी सोनेरी आणि दुसऱ्या वर्षी फिकट दिसणारा शनी हा आपल्याच संगणकाचा उद्योग असतो.

मला रंगीत चित्रापेक्षा मिथेनच्या फिल्टरांतली चित्रं जास्त आवडतात. शनीच्या हवेतला मिथेन वायू ७२७ आणि ८८९ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळतो. तिथे पाहिलं की शनीचा गोल काळवंडतो. उजळ राहतं ते फक्त मिथेनच्या वर, उंचावर तरंगणारं धुरकं आणि ढगांचे माथे. कडी बर्फाची, त्यांच्यावर मिथेन नाही, म्हणून ती लख्ख पांढरी. अंधाऱ्या गोलाभोवती पेटलेली कडी, आणि विषुववृत्तावर एक उजळ पट्टा. एखादा ढग दृश्य प्रकाशात ठळक आणि मिथेनमध्ये गायब असेल तर तो खोल आहे. दोन्हींत दिसला तर उंच. ढगाची उंची कळण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

आता नकाशा. गोलावर अक्षांश-रेखांशांची जाळी बसवायची तर गोलाची कड नीट सापडायला हवी. शनीची कड अर्धी कड्यांनी झाकलेली, थोडी कड्यांच्या सावलीत बुडालेली, आणि जिथे मोकळी आहे तिथेही हळूहळू विझत जाणारी. त्यावर गोल स्वतःच चपटा. विषुववृत्ताकडची त्रिज्या ६०,२६८ किलोमीटर आणि ध्रुवांकडची ५४,३६४, म्हणजे जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक. अशा वेळी गोलाऐवजी कड्यांचाच आधार घ्यायचा. मुख्य कड्यांतल्या सर्वांत बाहेरच्या ‘ए’ कड्याची बाहेरची कड केंद्रापासून सुमारे १,३६,८०० किलोमीटरवर आहे आणि ती सुरीने कापल्यासारखी स्वच्छ. तिच्यावर लंबवर्तुळ बसवलं की केंद्र, कल आणि उत्तर दिशा तिन्ही एकदम मिळतात.

अक्षांशांची एक भानगड आहे आणि ती नवख्यांना फार छळते. चपट्या ग्रहावर अक्षांश दोन पद्धतींनी मोजतात. एक ग्रहाच्या केंद्रापासूनच्या कोनाने, दुसरी पृष्ठभागाला लंब धरून. षटकोनाची कड एका पद्धतीत ७८ अंशांवर येते, दुसरीत ७५-७६ वर. मध्य अक्षांशांवर तर फरक सहा अंशांपर्यंत जातो, आणि शनीवर सहा अंश म्हणजे सहा हजार किलोमीटर! एका लेखातला पट्टा दुसऱ्या लेखात ‘सरकलेला’ दिसला की आधी लेखकाने कुठला अक्षांश वापरला ते पाहावं.

एवढं झालं की एका वर्षाचा नकाशा तयार होतो, तोही सलग नव्हे. हबल पृथ्वीभोवती ९५ मिनिटांत एक फेरी मारते आणि त्यातला बराच वेळ पृथ्वी मध्ये येते. दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सर्गी पट्ट्यातून जाताना कॅमेरा वापरतच नाहीत. नकाशात फटी राहतात. शनीच्या दुसऱ्या फेरीत त्यातल्या काही भरतात.

खरी कसोटी पुढे आहे. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की फरक ढीगभर दिसतात. त्यातला शनीचा कुठला आणि आपल्या पाहण्याचा कुठला? २०१८ मध्ये कडी आपल्याकडे २६ अंशांनी उघडलेली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात ती दहाच्या आसपास आली आणि २०२४ मध्ये तीन-चारवर. २०१८ मध्ये उत्तर ध्रुव आपल्याकडे झुकलेला, षटकोन सहज दिसायचा. पुढे तो कडेला गेला, प्रकाश तिथे तिरका पडायला लागला आणि आपली नजरही तिरकी झाली. तिरक्या नजरेला धुरक्याचा जाड थर पार करावा लागतो, रंग आपोआप बदलतो. षटकोनाचा निळा रंग सोनेरी झालेला कॅसिनीने २०१२ ते २०१६ या काळात जवळून टिपला होता. उन्हाने वरच्या हवेत धुरकं तयार होतं, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. पण हबलच्या चित्रात पुढच्या वर्षांत तोच रंग किती उतरला हे मी ठामपणे सांगणार नाही. कोन फार बदलला आहे.

कड्यांशी तुलना करून गोलाचा उजेड मोजू, असंही सुचतं. ते करू नये. प्रतियुतीच्या आसपास कडी एकदम उजळतात, कारण सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि कड्यांतले बर्फाचे तुकडे आपल्याच सावल्या झाकून टाकतात. २०१८ ची निरीक्षणं प्रतियुतीच्या तीन आठवडे आधीची. २०२३ ची जवळजवळ दोन महिने नंतरची. कडी त्या दोन तारखांना मुळातच वेगळ्या उजेडाची, त्यांना माप धरून गोल मोजला तर उत्तर चुकणार. म्हणून फायलीच्या हेडरमधला गुणक वापरून प्रत्येक बिंदूचा उजेड ‘आलेल्या सूर्यप्रकाशापैकी किती परतला’ या मापात आणायचा आणि फक्त मधल्या रेखांशाजवळचा भाग ताडून पाहायचा. कडेकडचा सोडून द्यायचा. बरीच माहिती वाया जाते, पण जी उरते ती विश्वासाची.

या सगळ्या चाळण्यांतून खाली काय उरतं? सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२१ मध्ये २०१८ ते २०२० या तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. विषुववृत्ताचा पट्टा ५ ते १० टक्के उजळला होता. माझ्या मोजणीत दिशा तीच आली. आकड्याबद्दल मी बोलणार नाही, घरच्या संगणकावरच्या मोजणीला तेवढा भाव देऊ नये.

वाऱ्यांचं आणखी मजेदार आहे. शनीच्या एका फेरीत एखादा ढग कुठे आहे ते पाहायचं, पुढच्या फेरीत तो किती सरकला ते मोजायचं, झाला वेग. साडेदहा तासांत एका बिंदूची, म्हणजे अडीचशे किलोमीटरची चूक झाली तर वेगात ताशी चोवीस-पंचवीस किलोमीटरचा फरक पडतो. २०१८ मध्ये विषुववृत्ताजवळचा वारा ताशी सुमारे १,६०० किलोमीटर मिळाला. कॅसिनीने २००४ ते २००९ मध्ये मोजला होता तो सुमारे १,३००. २०१९ आणि २०२० मध्ये तो पुन्हा कॅसिनीच्या आकड्याजवळ आला. तीनशेचा फरक चुकीत बसणारा नाही. तरी वारा खरंच वाढला होता असं लगेच म्हणता येत नाही. शनीवर खोलीनुसार वाऱ्याचा वेग बदलतो. त्या वर्षी दिसलेले ढग वेगळ्या उंचीवरचे असले तरी असाच आकडा येईल. हा वाद नवा नाही. व्हॉयेजर यानांनी १९८०-८१ मध्ये मोजलेल्या वेगापेक्षा हबलने १९९६ ते २००२ या काळात मोजलेला विषुववृत्तीय वेग चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी भरला होता, आणि तेव्हाही वारा मंदावला की ढगांची उंची बदलली यावर खल झाला. मिथेनच्या फिल्टरचं महत्त्व इथे कळतं.

वादळांच्या बाबतीत माझं नशीब यथातथाच. शनीवर पांढऱ्या डागाची महाकाय वादळं येतात, १८७६, १९०३, १९३३, १९६०, १९९० आणि २०१० अशी मोजकीच. १९९० चं वादळ उठलं तेव्हा हबलला जेमतेम पाच महिने झाले होते आणि तिच्या आरशातला दोषही दूर व्हायचा होता, तरी तिने ते टिपलं. ओपलच्या वर्षांत तसलं काही झालं नाही. २०१८ मध्ये उत्तर ध्रुवाजवळ मध्यम आकाराच्या वादळांची एक मालिका उठली. पहिलं त्या मार्चमध्ये ब्राझीलमधल्या एका हौशी निरीक्षकाच्या चित्रांत सापडलं होतं. जूनच्या हबल चित्रांत त्यांचे विस्कटलेले अवशेष उत्तरेच्या पट्ट्यात दिसतात. मी त्यांच्यामागे बऱ्याच संध्याकाळी घालवल्या, कारण तिथे रंगाचा किंवा कोनाचा प्रश्नच नाही. पांढरा ढग आहे किंवा नाही.

पण माझा खरा जीव जडला तो आऱ्यांवर. ‘ए’च्या आतल्या ‘बी’ कड्यावर बैलगाडीच्या चाकाला असतात तसे केंद्राकडून बाहेर जाणारे धूसर पट्टे कधीकधी उमटतात. व्हॉयेजरच्या वेळी ते गाजले. कडी तर असंख्य तुकड्यांची, आतले तुकडे वेगाने आणि बाहेरचे सावकाश फिरणारे. ‘बी’ कड्याच्या आतल्या काठाला एक फेरा आठ तासांच्या आत होतो, बाहेरच्या काठाला अकरा तासांहून जास्त लागतात. अशा पृष्ठभागावर सरळ उभी रेघ टिकायलाच नको. ती टिकते, कारण आरे कड्याच्या तुकड्यांचे नसून वर उचलल्या गेलेल्या अतिसूक्ष्म, विद्युतभारित धुळीचे असतात असं मानलं जातं, आणि त्या धुळीवर शनीच्या चुंबकीय क्षेत्राची पकड असते. धूळ नेमकी कशाने उचलली जाते यावर एकमत नाही. शनीच्या दोन-तीन फेऱ्यांत आरा विरून जातो. लांबी-रुंदी मात्र पृथ्वीच्या व्यासाहून मोठी असू शकते.

हबलच्या साध्या चित्रात तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, कारण कड्याच्या उजेडाच्या तुलनेत फरक फार थोडा. त्यासाठी कडं उलगडावं लागतं. लंबवर्तुळाकार दिसणाऱ्या कड्यातला प्रत्येक बिंदू ‘केंद्रापासूनचं अंतर’ आणि ‘कोन’ अशा जाळीवर मांडायचा. कडं सरळ पट्टी होतं, त्यातल्या शेकडो बारीक रेषा आडव्या होतात. मग प्रत्येक आडव्या रेषेला तिच्या सरासरीने भागायचं. रेषा पुसल्या जातात आणि उरतो राखाडी कागद. त्यावर आरा असेल तर उभा डाग म्हणून उठतो. हा डाग खरा की सफाईतून सुटलेली वैश्विक किरणाची रेघ, हे ठरवायला हबलच्या पुढच्या फेरीचं चित्र घ्यायचं. तिथे तो डाग फिरून ठरलेल्या जागी गेला असेल, थोडा कललाही असेल, तर तो आरा.

ओपलच्या चित्रांत ते २०२१ पासून दिसू लागले, तेही फक्त पहाटेच्या बाजूला, म्हणजे जिथे कडं शनीच्या सावलीतून नुकतं उन्हात येतं तिथे. २०२३ च्या २२ ऑक्टोबरच्या चित्रांत दोन्ही बाजूंना दिसले. उलगडलेल्या पट्टीवर ते डाग उठले तेव्हा मी भाच्याला फोन करून बोलावलं. तो आला, पाहिलं, म्हणाला, “मावशी, एवढ्यासाठी?” आणि मग अर्धा तास स्वतःच पट्ट्या मागे-पुढे करत बसला.

जून २०२४ पासून हबल एकाच जायरोस्कोपवर, म्हणजे दिशा सांभाळणाऱ्या उपकरणावर, चालते. त्यामुळे मंगळापेक्षा जवळच्या हलत्या गोष्टींचा माग तिला काढता येत नाही, पण शनी पुरेसा दूर आहे, त्याचं निरीक्षण सुरू राहिलं. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून पलीकडे गेली, मेमध्ये सूर्य गेला. आता ऊन दक्षिणेच्या बाजूने पडतं, कड्यांची सावली उत्तर गोलार्धावर सरकली आहे. उत्तरेसाठी बनवलेली माझी सगळी झाकणं निरुपयोगी झाली. ती नव्याने आखते आहे.

आऱ्यांचा प्रश्न मात्र मधेच लोंबकळतो आहे. मागचा एक संपात नोव्हेंबर १९९५ मध्ये झाला. त्यानंतर हबलला ते दिसत राहिले आणि ऑक्टोबर १९९८ नंतर दिसेनासे झाले, कडी उघडत गेली तसे. काही अभ्यासकांचं म्हणणं पडलं की आरे असतातच, उघडलेल्या कड्यांच्या झगमगाटात ते लपतात. २००४ मध्ये कॅसिनी तिथे पोहोचलं, तरी त्यालाही सप्टेंबर २००५ पर्यंत ते सापडले नाहीत. म्हणजे काही काळ ते खरंच नसावेत. कड्यांचा कल आता दक्षिणेकडे वाढतो आहे. या वेळी ते फिके पडायला लागले की प्रत्येक वर्षाच्या पट्टीसोबत मी कड्याचा कलही लिहून ठेवणार आहे. २०२१ मध्ये उत्तरेकडून ज्या कोनात ते पहिल्यांदा दिसले, दक्षिणेकडून त्याच कोनात ते मावळले तर लपण्याची बाजू बळावेल. त्याआधीच मावळले तर ऋतूनुसार ते खरंच नाहीसे होतात, या म्हणण्याची.